अकरा वाजताची अखंड रेघ

गरम कोट खुंटीवर, डबा न उघडलेला, आणि मामांचा पत्ता नाही. औषधांच्या शीतगृहातले मेकॅनिक मामा दोन तासांपासून बेपत्ता होते. फौजदार बाईंनी बाहेरचं दार लावून घेतलं होतं. संगणकाच्या कोंदट खोलीत भाचीचा जीव टांगणीला लागला होता.

खोल्या पाच, पाचांनाही सील. वरची परवानगी यायला संध्याकाळ होणार. मामा त्यातल्याच एखादीत असले, तर तोवर गोठून जातील!

भाचीनेच लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट दर मिनिटाला प्रत्येक खोलीचं तापमान घेई, फाइलच्या शेवटी नवी ओळ जोडी आणि त्या फाइलवरूनच पडद्यावर रेघ काढी. दार उघडलं की रेघेला उंचवटा. आज पाचही रेघा सपाट.

"मामांना शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"सव्वादहाला," सुपरवायझर म्हणाला. "पावणेअकराला मी शहरातल्या मुख्य कचेरीत गेलो. साडेअकराला परतलो, तेव्हापासून इथेच, संगणकापाशी."

"आणि तुम्ही?"

"मला कसलं विचारता, बाई!" गोदाम सांभाळणारा भांडारी कुरकुरला. "अकराला वीज गेली, दहा मिनिटं लिफ्टमध्ये अडकलो होतो. सगळे देव आठवले!"

"वीज गेली होती?" सुपरवायझरने वळून पाहिलं.

"शीतयंत्रं जनरेटरवर चालली. हा संगणक मात्र बंद होता," भाची म्हणाली. बोलता बोलता ती थांबली. अकराच्या पुढे चार रेघा तुटलेल्या होत्या. चौथ्या खोलीची मात्र अखंड.

"बाई, चार नंबरचं सील तोडा!"

"आलेख तर म्हणतो, दार उघडलंच नाही. पुरावा?"

"संगणक बंद असताना ओळी लिहिल्या कुणी?" तिने कालची फाइल उघडली. आकडा न् आकडा तोच. "कालची सकाळ उचलून आजच्यावर चिकटवलीय. सव्वादहानंतरचा उंचवटा झाकायला."

"हा भांडारीच असणार!" सुपरवायझर ओरडला.

"भांडारीकाका अंधारात लोंबकळत होते. त्यांनी ती दहा मिनिटं रिकामी सोडली असती. वीज गेल्याचं माहीत नसलेले एकटे तुम्हीच. मामांना कोंडून, सील ठोकून कचेरीत गेलात, परत येऊन फाइल बदललीत."

सुपरवायझरने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यांवर मी नव्या तारखांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या... त्याने त्या पाहिल्या."

बाईंनी सील तोडलं. खोक्यांच्या आडोशाला मामा मुटकुळं करून बसले होते. ओठ निळे, पण हलत होते. भाचीने कोट पांघरला, मिठीच मारली.

"रडू नकोस, पोरी," मामा पुटपुटले. "नामस्मरण चालू होतं. फक्त दात इतके वाजत होते, की देवालाही नीट ऐकू गेलं नसेल."