चव बाबांनी नेली

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या सकाळी त्यांच्या बंद भट्टीतून पावाचा वास आला.

मी तळ्याकाठी चालून परतत होते. माझी साखर काही केल्या खाली येईना म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. त्यात काही दिवसांपासून माझ्या डाव्या डोळ्यात काळे धागे तरंगायचे... म्हणून भट्टीच्या दारात काहीतरी पांढरं उभं दिसलं तेव्हा वाटलं, हा डोळ्याचाच खेळ. पण ते पांढरं खोकलं. अगदी बाबांसारखं.

मी अशी किंचाळले की तळ्यावरची बदकं उडाली.

"अहो, अहो... मी माणूस आहे!" पिठाने माखलेला एक तरुण धावत आला. "एवेलिओ. चोले मावशींनी भट्टी मला चालवायला दिलीय. बोलल्या नाहीत का?"

चोले मावशी म्हणजे बाबांची मेहुणी, माझ्याच घरात राहणारी. तेवढं सोडून गावातलं बाकी सगळं तिने मला सांगितलं होतं.

तो आत गेला आणि गरम पाव घेऊन आला. आमच्याकडे कोणी घाबरलं की आधी पाव देतात, पाणी नंतर.

"खा. भीती उतरेल."

"मला साखर आहे."

"मग घाबरल्यावर तुम्ही करता काय?"

"घाबरतच राहते."

तो हसला. फार छान हसला... मी उगाचच धुक्याकडे बघत राहिले.

त्यानंतर माझी चालायची वाट रोज भट्टीवरूनच जाऊ लागली. तिकडून तळं लांब पडतं, पण डॉक्टरीणबाईंनी जास्त चालायलाच सांगितलं होतं ना!

"आज पण घाबरायला आलीस?" तो विचारायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"आज पोट भरून घाबरून आलेय," एकदा मी म्हणाले, आणि मग त्याला सगळं सांगूनच टाकलं. रात्री साखर उतरवणारी निवडुंगाची भाजी खाऊन झोपले तरी सकाळी मशीनवर तीनशे. आणि रोज जाग येते तेव्हा जिभेवर दालचिनी आणि गुळाची चव असते. बाबांच्या कॉफीची. दारं आतून बंद असतात आणि घरात गुळाचा खडा नसतो.

"मावशी म्हणते, बाबा उपाशी आहेत. माझ्या तोंडाने खातात."

"उपाशी का?"

मला सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. साखरेने बाबांना नेलं, म्हणून गेल्या वर्षी मृतांच्या दिवशी, गेलेले घरी जेवायला येतात त्या सणाला, मी त्यांच्या वेदीवर तीच निवडुंगाची भाजी आणि बिनसाखरेची कॉफी ठेवली होती. मेलेल्या माणसाला पथ्य घालणारी गावात मी एकटीच.

एवेलिओ हसला नाही. "आणि इन्सुलिन?"

"फ्रीजमध्ये आहे. टोमॅटोमागे." डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, सुई घेतली नाहीस तर या धाग्यांचा पडदा होईल. पण बाबांनी सुई सुरू केली आणि त्यांचे डोळे गेले. सुई डोळे नेते, हे आमच्या गावात कुणालाही विचारा.

"माझी आई चौदा वर्षं टोचून घेतेय. माझ्या शर्टाची बटणं अजून तीच शिवते."

"आधी बाबांना जेवू दे. ते जेवले की साखर आपोआप उतरेल."

"आणि नाही उतरली तर?"

"तर... तू सांगशील ते."

"मी सांगेन ते? काहीही?"

"एवेलिओ!"

मृतांच्या दिवशी त्याने बाबांच्या पद्धतीचा पाव भाजला, दुप्पट साखर घालून. मी गुळाची कॉफी ठेवली, मेणबत्त्या लावल्या, दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. सकाळी उठून पाहिलं तर पाकळ्या मधोमध दबलेल्या होत्या, पावलापावलाने. कपातली कॉफी बोटभर कमी झाली होती. मावशीने क्रुसाची खूण केली आणि ती गपचूप कब्रस्तानात निघून गेली.

एवेलिओ आला. आता पाव आम्ही खायचा होता. मी तुकडा मोडून तोंडात टाकला... काहीच नाही. कापूस चघळल्यासारखं.

"साखर घातली होतीस ना?"

त्याने त्याच पावाचा घास घेतला. "दात किडतील इतकी."

माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच रडूही आलं. गेलेले येऊन चव घेऊन जातात, हे लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा आले होते! पोटभर जेवले होते!

"हा रिकामा पाव आहे, एवेलिओ. यात आता साखर नाही." तो नको नको म्हणत असताना मी अर्धा पाव संपवला.

दुपारपर्यंत घशाला कोरड पडली. डोळ्यातले धागे एकमेकांत गुंतू लागले. मशीनवर चारशेच्या वरचा आकडा आला. चव बाबांनी नेली होती, साखर सगळी मला ठेवली होती.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "शिकवलंय तशी सुई आत्ता घे," त्या म्हणाल्या, "आणि लगेच इकडे ये."

एवेलिओने टोमॅटोमागून इन्सुलिनचं पेन काढून दिलं. मी त्याचं टोपण काढलं.

"माझे डोळे गेले तर?"

"तुझ्या बाबांचे सुईने नाही गेले, युनुएन. मावशींनी सांगितलं मला. सुईच्या आधी वर्षभर ते भट्टीतले पाव हाताने चाचपून काढायचे. कुणाला कळू दिलं नाही."

मला वाटायचं, बाबांना सवयीने जमतं. त्यांच्या बोटांवरचे चटके मी स्वतः बांधले होते. पेन हातात घेऊन मी ढसाढसा रडले.

"मी टोचू?" त्याने हळूच विचारलं.

"नको. तू फक्त समोर उभा राहा. सुईकडे बघवत नाही... तुझ्याकडे बघते."

तो समोर उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं, आणि बघत असतानाच सुई टोचली. सुई कधी आत गेली, तेही कळलं नाही. मी अजून बघतच होते.

वेदीवरच्या सगळ्या मेणबत्त्या एकदम विझल्या.

दार बंद होतं. खिडकीही. एवेलिओचा चेहरा पांढराफटक पडला. "ते... रागावले?"

झेंडूच्या पाकळ्या वेदीकडून दाराकडे एकेक करून दबत चालल्या होत्या. पावलं सावकाश होती, भिंत चाचपत जाणाऱ्या माणसाची. मला भीती वाटायला हवी होती.

"नाही रे," मी म्हणाले. "आपल्याला एकटं सोडून निघालेत."

 तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे... त्यांनाही कळलं?"

"सगळ्यांना कळलंय. तूच काय तो विचारायचा राहिलायस. आवडतोस तू मला, एवेलिओ... आता गाडी काढ, दवाखान्यात जायचंय."