मिठाची पावलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत आंब्याचे टहाळे पोचवायचे होते. एवढंच काम. शाळा झाडणारी आवडाबाई सकाळीच मिठागरावर येऊन सांगून गेली होती, "रघू, तोरणाला टहाळे आण रे. आणि उजेड असतानाच ये."

मी टहाळे तोडले, भारा बांधला. भाऱ्याच्या आत, पंच्यात गुंडाळून, शेवंतीची पाटी ठेवली.

शेवंती माझी धाकटी बहीण. मी शाळा दुसरीतच सोडली आणि बापामागं मिठागरावर गेलो. बाप गेल्यावर घरात आय, मी आणि ती. संध्याकाळी ती मला अक्षरं गिरवायला बसवायची. "दादा, तुझा क लंगडतो," म्हणायची आणि माझ्या हातावर फटका मारायची. खोटं बोलणं तिला जमत नसे. आयनं लपवून ठेवलेला गूळ मी खाल्ला, तर आयनं विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची. मी चिडलो की म्हणायची, "मग विचारलं असतं तिनं."

दसऱ्याला गावच्या शाळेत पाटीपूजन असतं. पोरं एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढतात, आदल्या संध्याकाळी पाट्या वर्गात ओळीनं मांडतात. सकाळी गुरुजी पूजा करतात, खडीसाखर-खोबरं वाटतात. गेल्या वर्षी शेवंतीची पाटीही त्या ओळीत होती. पण दसऱ्याच्या सकाळी मोहने गावाहून बातमी आली, गुणाजीबाबा गेला. गुणाजीबाबा म्हणजे माझ्या बापाचा चुलतभाऊ. आधी तोही आमच्याच मिठागरावर होता. फावड्याखाली डाव्या पायाची करंगळी गेली तेव्हा मोहन्याच्या कारखान्यात लागला. बातमी ऐकून आयनं टाहो फोडला. शेवंतीनं तो ऐकला आणि ती शाळेत गेली.

भावकीतली बाकीची पोरं पूजेला गप्प बसली. ही उभी राहिली. "गुरुजी, आमच्यात सुतक आलंय."

गुरुजींनी तिची पाटी ओळीतून उचलली, तिच्या हातात दिली आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. पूजा संपेपर्यंत ती पायरीवर उभी होती. आतून आरती ऐकू येत होती. खडीसाखर वाटायला लागले तशी ती निघाली आणि घरी यायला मिठागराचा बांध धरला. भरती होती. खाडीचं पाणी आत घ्यायची जी उघाडी आहे, तिच्या फळीवरून तिचा पाय सरकला.

संध्याकाळी आम्ही तिला घेऊन घरी आलो, तेव्हा दारात मोहन्याचा दुसरा माणूस उभा होता. हातात गुळाचा खडा. गुणाजीबाबा जिता आहे, म्हणाला. बाबाच्या डोक्यावर कावळा बसला होता. आमच्यात तसं झालं की माणूस मेल्याची खोटी बातमी नातलगांना धाडतात. नातलग खरं रडतात, मरण फसतं आणि दाराशी येऊन परत जातं.

परत जातं, पण कुठं जातं, ते कुणी सांगत नाही.

त्या दिवशी शेवंतीची पाटी सापडली नव्हती. यंदा गणपती गेल्यावर उघाडीतला गाळ काढताना माझ्या फावड्याला लागली. चौकट फुगलेली, कोपरा तुटलेला. चौकटीवर तिनं खिळ्यानं कोरलेलं फूल तसंच होतं. पाटी कोरी होती. मी ती छातीशी धरली आणि त्याच चिखलात ठरवलं, यंदा ही ओळीत बसणार. कुणी काही म्हणो.

मी शाळेत पोचलो तेव्हा पोरं पाट्या मांडून गेली होती. गुरुजी छत्री काखोटीला मारून निघतच होते. मी पंचा सोडला. पाटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"रघू, गेलेल्या मुलीची पाटी पूजेत कशी ठेवायची? मुलं घाबरतील."

"जिती होती तवा तरी कुठं ठेवलीत?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि रस्त्याला लागले.

आवडाबाई टहाळे सोडत होती. हळूच म्हणाली, "हिकडं ये. तुला उजेडात कशाला बोलावलं ते बघ."

तिनं पायरी दाखवली. काळ्या दगडावर पांढरे ठसे होते. लहान पावलांचे. बोटं, टाच, सगळं स्पष्ट. मी बसून एका ठशावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ.

"खाडीचं पाणी सुकलं की असंच राहतं ना रे?" आवडाबाई म्हणाली. "पाऊस सरल्यापासून रोज पुसते मी. रोज संध्याकाळी परत असतात. उंबऱ्यापर्यंत येतात... आत नाय जात."

मला भीती वाटली नाही. राग आला, असा की कानात रक्त वाजायला लागलं. वर्ष झालं, आमची पोर अजून बाहेरच उभी होती.

मी आत गेलो. वर्गात झेंडूचा उग्र वास कोंडला होता. खिडकीतून येणारा उजेड तांबडा होत चालला होता, त्यात पाट्यांच्या चौकटी तेवढ्या दिसत होत्या. मुलींच्या ओळीतल्या दोन पाट्या सरकवून मी जागा केली. शेवंतीची पाटी तिथं टेकवली. सरस्वती काढायला पेन्सिल घेतली, पण मला ती येत नव्हती. दोन रेघा ओढल्या, वाकड्या आल्या, थुंकी लावून पुसल्या.

मग दाराकडं तोंड करून म्हणालो, "शेवंते, ये. सुतक नव्हतं गं. गुणाजीबाबा जिता हाय. ये आत."

बाहेर काही नव्हतं. मग वास आला. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तसला. झेंडूचा वास त्याच्याखाली बुडून गेला. आणि पायरीवर आवाज झाला.

चप... चप...

आवडाबाईच्या हातातला टहाळा गळून पडला. ती भिंतीला चिकटली. पावलं उंबऱ्याशी आली आणि थांबली. दारात कुणी नव्हतं. पण उंबऱ्यावर थेंब पडत होते, एका जागी, जसं ओल्या परकराच्या काठातून पडावं.

"ये ना बाय..." मी म्हणालो. "मी हाय ना."

थेंब पडत राहिले. पाऊल पुढं आलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला मी कोण सांगणार, आत ये म्हणून? बाहेर थांब म्हणून ज्यांनी सांगितलं, त्यांनीच बोलवायला पाहिजे. ती तशीच होती, सांगितलेलं मोडायची नाही.

मी खिडकीतून उडी टाकली आणि धावलो. चिंचेच्या वळणावर गुरुजींना गाठलं, मनगट धरलं. "चला."

"अरे, सोड! काय हे?"

"पोर उभी हाय बाहेर. तुम्ही सांगितलं म्हणून उभी हाय. चला!"

मी त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. छत्री रस्त्यात पडली. पायरीपाशी ते थांबले. उंबऱ्यावर पाणी साचलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यात आणखी एक थेंब पडला.

"बोला," मी म्हणालो. "नाय बोललात तर मी हितून हलणार नाय, आणि तुम्हालाही हलू देणार नाय."

गुरुजींनी घसा खाकरला. आवाज निघाला तो वर्गातला होता, हजेरी घेतानाचा.

"शेवंती... आत ये बाळ. जागेवर बस."

थेंब थांबले.

मग वर्गाच्या आतून, फरशीवरून, चप... चप... चप... मुलींच्या ओळीपर्यंत. तिथं परकर सावरून कुणी मांडी घालावी तसा हलका आवाज. नंतर पाटीवर पेन्सिल चालल्यासारखं काहीतरी, कितीतरी वेळ. आम्ही तिघं बाहेर अंगणात उभे. गुरुजी रडत होते. मी नव्हतो रडत. मला आत जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं, पण तिची लिहायची वेळ होती.

सकाळी आवडाबाईनं कुलूप काढलं तेव्हा गुरुजी आणि मी दोघंही हजर होतो. शेवंतीच्या पाटीवर सरस्वती होती. एकाचे आकडे सरळ, नेटके, पांढरे. पेन्सिलीचे नव्हते. उजेडात त्यांचे कण चमकत होते. गुरुजींनी पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पहिलं हळदकुंकू त्याच पाटीला वाहिलं.

पोरं नवे कपडे घालून येत होती. तेवढ्यात फाटकाशी नाथा दिसला. गुणाजीबाबाचा मुलगा. मोहन्याहून पहाटेच्या गाडीनं ठाण्याला उतरून चालत आला होता, पाय धुळीनं भरलेले.

"रघू... बाबा गेला रे."

"परत कावळा बसला का?"

"तुझ्या पाया पडतो. खरंच गेला. काल दिवेलागणीला. चांगला बसला होता, एकदम दाराकडं बघून म्हणाला, कोण आलंय? आणि गेला."

काल दिवेलागणीला. म्हणजे शेवंती उंबऱ्याच्या आत आली तेव्हा.

आतून घंटा वाजली. पूजा सुरू होत होती. मला एकच गोष्ट दिसली. आता सुतक खरं होतं. हे शब्द फाटकातून आत गेले की तिची पाटी परत उचलली जाणार, आणि ती परत पायरीवर. मी नाथाचा दंड धरला, त्याला चिंचेखाली नेलं आणि बसवलं.

"पूजा होईपर्यंत तोंड उघडायचं नाय."

"माझा बाप मेलाय, रघू. गावात सांगू दे. मना रडू तरी दे..."

"माझी भैन बुडाली तवा तुझा बाप घरात भाकर खात होता. आमचं त्याच्यासाठी रडून झालंय. गप बस."

तो बसला. तोंडात पंच्याचा बोळा धरून हुंदके देत राहिला. आत आरती झाली. खडीसाखर वाटली. गुरुजींनी नावं घेतली, आणि शेवंतीचं नाव आलं तेव्हा एकही पोर हसलं नाही. तिचा वाटा मी पुढं होऊन घेतला. दुपारी तो आणि पाटी घेऊन घरी आलो.

आयला गुणाजीबाबाचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"गेल्या वर्षी रडले मी त्याला," ती म्हणाली. "भरपूर रडले. आता नाय."

खडीसाखर मात्र तिनं हातात घेतली आणि मुठीत घट्ट धरून बसली.

शाळेच्या पायरीवर आता काही नसतं. आवडाबाई रोज बघते, पायरी कोरडी असते. तिथं मी जे ठरवलं ते झालं.

पण काल सकाळी आमच्या घरच्या उंबऱ्याबाहेर मीठ होतं. मोठी पावलं, बाप्या माणसाची. डाव्या पायाला करंगळी नाही. मोहन्याला, खाटेवर मेलेल्या माणसाच्या पायाला खाडीचं पाणी कुठून लागलं, मला माहीत नाही. त्याच्यासाठी इथं कुणी रडलं नाही, आणि जो रडत होता त्याचं तोंड मी बंद केलं, एवढं माहीत आहे. आय म्हणाली, पुसून टाक. मी पुसलं. मी त्याला आत घेणार नाही. कितीही दिवस उभा राहू दे.

आज सकाळी ते ठसे परत आले. आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूलाही होते, लहान. बोटं बाहेरच्या दिशेला. मोठ्या पावलांच्या अगदी समोर, जसं दारात उभं राहून दोघांनी बोलावं.

ती त्याला अडवून उभी असेल, असं आय म्हणते. असेलही. पण मी दिवसभर एकच विचार करतोय. गुणाजीबाबानं तिला विचारलं असेल, माझ्यासाठीचं रडणं कुणी थांबवलं?

आणि शेवंतीला खोटं बोलणं जमत नाही.