भारतसाठी धरलेली जागा

या, शेकोटीजवळ बसा. येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची रात्र आहे, सगळ्यांनी भज्जी-आंबील पोटभर हाणली आहे, झोप काही इतक्यात लागायची नाही. मग गेल्या येळवशीचं ऐका. ज्याच्यावर गुजरलं तो ग्यानोबा माझ्या साडूच्या गावचा. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो, पदरचं एक अक्षर घालत नाही.

अहमदपूर सोडून नांदेडच्या रस्त्याला लागलं की हणमंतरावांचं नवं हॉटेल लागतं. हॉटेल कसलं, आगगाडीचा डबा तो. मुंबईकडच्या विजेवर धावणाऱ्या जुन्या लोकल गाड्या भंगारात निघाल्या, तेव्हा हणमंतरावांनी त्यातला एक डबा विकत घेतला आणि ट्रेलरवर घालून इथं आणून ठेवला. बाकं, पंखे, दारातले लोखंडी दांडे, सगळं जसंच्या तसं. लोकांना त्याची गंमत. येतात, फोटो काढतात, शेवभाजी खातात आणि जातात.

ग्यानोबाला मात्र त्या डब्याकडं बघवत नव्हतं. त्याचा एकुलता एक भारत अशाच गाडीतून पडून गेला होता. शिकलेला पोरगा. इथं काम मिळेना म्हणून कल्याणकडं गेला आणि दाराला लोंबकळत कारखान्यात ये-जा करू लागला. दिवाळीला घरी आला की वर त्या गाडीचंच कौतुक सांगायचा. पंखा अडकला तर कंगव्यानं ढोसून कसा फिरवतात, डब्यात भजन कसं रंगतं, खाडीवर वारा कसा लागतो. बसायला जागा मिळते का, असं विचारलं की हसायचा. "आबा, आत शिरलो तरी लई झालं," म्हणायचा. आपल्याकडची पोरं अशी परक्या मुलखात दाराला लटकून जगतात, आणि मेली की पेपरात दोन ओळी येतात. जाऊ द्या. बोलून तोंड कडू होतं.

तर त्या येळवशीला दोघं नवरा-बायको अंधार पडता पडता शेतातून घरी आले. कावेरीबाईनं डबा भरून नवऱ्याच्या हातात दिला. "हाटेलवरचा राखणदार शिवमूर्ती एकटाच हाय. सणाचं त्याला देऊन या."

ग्यानोबा चप्पल घालायला लागला, तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "आवो, अन् तिथं लेकरासाठी एक जागा धरून या."

"काय म्हंतीस?"

"रोज सपनात येऊन राहिलाय. माय, हात भरून आले, म्हंतो. एकदा बसू द्या की त्याला."

ग्यानोबा डबा घेऊन निघाला. पोराचे हात त्यालाही आठवत होते.

हॉटेलला कुलूप नव्हतं, पण दिवाही नव्हता. सण म्हणून हणमंतरावांनी सगळं बंद ठेवलं होतं, विजेचं मोठं बटणसुद्धा पाडलेलं. शिवमूर्तीची खाट रिकामी होती, तोही घरी सटकला असणार. अवसेचा अंधार. ग्यानोबानं डबा खाटेवर ठेवला आणि माघारी वळला. चार पावलं गेला आणि थांबला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं खिडकीच्या गजातून आतल्या बाकावर टाकला.

हसू नका रे. एसटीत जागा धरताना तुम्ही तरी वेगळं काय करता? आणि रुमाल टाकला की तो राखायला शेजारी माणूस लागतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. ग्यानोबा आत गेला आणि रुमालाशेजारी बसला.

"भारत, खिडकीची जागा हाय बघ," तो म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही.

मग डोक्यावरचा पंखा फिरला.

समोरचं बाक करकरलं. कुणीतरी बसलं होतं. दिसत नव्हतं. मग दुसरं बसलं. मग पावलं वाजली... पुष्कळ पावलं. घामाचा वास आला, तेलाचा वास आला. ग्यानोबाचे गुडघे दाबले गेले. खांद्याला खांदे लागले. थंडगार. पण रुमालावर कुणी बसलं नाही.

दारात एक जण उभा होता. पाठमोरा. अर्धं अंग बाहेर. वर केलेला हात दांड्याला.

बापाला पाठ ओळखायला उजेड लागत नाही.

"भारत..."

...

"आत ये, लेकरा. जागा धरलीय."

त्यानं मान वळवली. आवाज फार दमलेला होता.

"आबा... सरकत न्हाईत."

ग्यानोबा उठला. माणसांना ढकलायला लागला. "सरका की! माझं लेकरू हाय ते... वाट द्या..." कुणी हललं नाही. दोन हातांचं अंतर. तेवढं काही तुटलं नाही.

पहाटे शिवमूर्ती आला तेव्हा ग्यानोबा रिकाम्या डब्यात उभा होता, दोन्ही तळवे पुढं करून, घामानं निथळत. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. शिवमूर्तीनंच त्याला घरी आणून सोडलं.

कावेरीबाई उंबऱ्यात बसून होती. "बसला का लेकरू?"

ग्यानोबानं तिच्याकडं पाहिलं. "बसला. लगेच डोळा लागला त्याचा."

तिनं पदर डोळ्यांना लावला, आत जाऊन आडवी झाली आणि दिवसभर झोपली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच. ग्यानोबाची झोप गेली ती गेलीच. त्या डब्याच्या रस्त्यानं बायकोला न्यायचं त्यानं बंद केलं. अहमदपूरच्या बाजारालाही एकटाच जातो.

हणमंतरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या सकाळी दारातल्या दांड्याचा रंग एका जागी गेलेला होता, वर, उभ्या माणसाचा हात पोचेल तिथं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावून तो रंगवून घेतला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आजवर कितीदा रंगवला असेल. रोज सकाळी मूठभर लोखंड उघडं पडलेलं असतं, घासून चकचकीत झालेलं. ऐन हिवाळ्यात, दव पडल्या पहाटे, शिवमूर्तीनं एकदा तिथं हात लावून पाहिला.

गरम होतं.