सहावा श्वास

दुपारचं जेवण उरकून ध्वनिमुद्रक भाऊ आपल्या यंत्रापुढे बसला, तेव्हा काम अगदी किरकोळ वाटत होतं. अंतराळयानातल्या भयपटाचा एक प्रसंग तपासायचा होता. पाच अंतराळवीर काचेच्या पेट्यांत झोपतात, ते पुन्हा उठतच नाहीत. आणि ऐकू मात्र येतात सहा श्वास.

"ज्याला दाखवावं तो विचारतो, सहावा कोण?" दिग्दर्शक वैतागला होता. "कथेत सहावा नाहीच! काय सांगू त्यांना, माझं कपाळ? संध्याकाळच्या आत काढून टाक."

या धंद्यात नटांचे श्वासही वेगळे मुद्रित करतात. पाच नट, पाच ट्रॅक. भाऊने एकेक बंद केला. पाचवाही बंद झाला. बंद खोलीत तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता, आणि श्वास चालूच होता... घेताना बारीक शिट्टी, मग अडखळ, मग पुन्हा शिट्टी.

भाऊने तो लगेच ओळखला. हा दमा त्याने बावीस वर्षं उशाशी ऐकला होता.

त्याची बायको गेली ती याच प्रसंगाच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी. दारावरचा लाल दिवा लागला की फोन बंद, हा नियम त्यानेच घातलेला. तिने नऊ वेळा फोन केला होता. दिवा विझला तोवर सगळं आटोपलं होतं.

आवाज कमी करायला त्याने बटणाला बोट लावलं. शिट्टी घुसमटली. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"नाही गं, नाही... नाही बंद करत," तो रडत पुटपुटला. एकदा तिला एकटीला सोडलं होतं. आता पुन्हा, तेही आपल्याच हाताने? जीव गेला तरी नाही!

तेवढ्यात दिग्दर्शक आत आला. "काढलास?"

"काढायला लावू नका साहेब, पाया पडतो. एक पेटी वाढवा... कोपऱ्यात, अंधारात. आत कोण आहे ते दाखवूच नका. मग बाकीचे का उठत नाहीत, तेही कळेल."

"का उठत नाहीत?"

"तिला एकटं राहवत नाही... म्हणून."

 दिग्दर्शकाने मांडीवर थाप मारली. "अरे, ज्यापुढे लेखकाने हात टेकले ते कोडं तू सोडवलंस! लाव बघू पहिल्यापासून."

भाऊने डोळे पुसले आणि सगळे ट्रॅक सुरू केले. दिग्दर्शक बोटांवर मोजू लागला. पाच झाले. शिट्टीचा सहावा. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"आणि हा सातवा कुणाचा रे?"

शिट्टीच्या अगदी लगत होता तो. संथ, सोडताना नाकात टिकटिकणारा. भाऊच्या नाकाचं हाड लहानपणी मोडलं होतं. 'तुमच्या नाकात घड्याळ बसवलंय,' असं ती रोज झोपताना चिडवायची. तिची शिट्टी आता मुळीच अडखळत नव्हती.

"भाऊ...? असा काय बसलास?"

भाऊने हळूच नाकाखाली बोट धरलं. श्वास लागायची वाट पाहत बराच वेळ तो ते तसंच धरून बसला.