अकरावा अध्याय

मावला गावात खुशालचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याचा इलाज ठरलेला होता. बिघाड कोणताही असो, हा सरळ फॉरमॅट मारायचा. एखादी बारकी लायब्ररी फाइल हरवते, तिच्यावाचून प्रोग्राम अडून बसतो. नेमकी तेवढीच आणून जागेवर ठेवली की भागतं. पण तेवढं डोकं कोण लावतो? सगळं पुसून मोकळं व्हायचं.

मृगात मंजुषाचा कॉम्प्युटर त्यानं असाच पुसला. भाजीवाल्या गयाबाईची ही एकुलती एक पोरगी शिकायला बासरला निघाली होती. आईला वाचता येत नाही, म्हणून तिनं अख्खी पोथी आपल्या आवाजात भरून ठेवली होती. "दादा, पोथी तेवढी जपा," असं बजावून ती गेली. गयाबाई कॉम्प्युटरचा डबा न्यायला आली, तेव्हा खुशाल "झालं दुरुस्त" एवढंच म्हणाला. दसऱ्याआधी मंजुषा तापानं गेली. तेव्हापासून बाजारात गयाबाई दिसली की हा मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत शिरायचा.

सोमवारी ती स्वतःच आली. टोपलीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डबा होता.

"बाबू, हे पाह्य ना. दहा अध्याय बराबर चालते. अकरावा लागला का इंग्रजी पाटी येते अन् पोरगी बोलाची थांबते."

खुशालनं चमकून डब्याकडे पाहिलं. पोथी त्यानं आपल्या हातानं पुसली होती.

"कोण लावून देते तुमाले, मावशी?"

"कोण लावून दीन? मीच बटन दाबतो. मंग ते वाचाले लागते."

त्यानं डबा जोडला. आत पाहिलं तर एकही रेकॉर्डिंग नव्हतं. तरी स्पीकरमधून मंजुषाचा आवाज आला. तिनं दहावा अध्याय संपवला, श्वास घेतला, "अध्याय अकरावा" म्हणाली आणि पडद्यावर पाटी आली. एक लायब्ररी फाइल सापडत नव्हती. मृगातही हीच फाइल हरवली होती.

'होत नाही' असं सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण गयाबाई डब्यावर हात ठेवून बसली होती. तिला तेवढाच आवाज उरला होता.

त्यानं दुकानातल्या मशीनमधून नेमकी तीच फाइल घेतली आणि जागेवर ठेवली. पाच मिनिटं लागली. मृगातही पाचच मिनिटं लागली असती. त्याला स्वतःची लाज वाटली.

बटन दाबलं.

पोथी नव्हती. पंख्याची घरघर होती, याच दुकानातली.

"दादा, पोथी तेवढी जपा."

"हो हो," हा त्याचाच आवाज होता.

मग परत त्याचाच आवाज आला. "या अडाणी बाईले काय समजते? पुसून टाकू."

हे वाक्य खुशाल कधीच बोलला नव्हता. मृगात, एकटा असताना, त्याच्या नुसतं मनात आलं होतं.

त्याचे कान तापले. मान वर करवेना.

"रोज इथंच अडत होतं," गयाबाई शांतपणे म्हणाली. "पोरीले काय सांगाचं हाय, तेच समजत नवतं."

त्यानं हात जोडले. ओठ हलणार, तेवढ्यात त्याच्याच रडवेल्या आवाजात डबा म्हणाला,

"मावशी, माह्यं चुकलं."

गयाबाईनं हळूच मान डोलावली. खुशालकडे नाही, डब्याकडे पाहून.