आज पट्टी नको

सामन्याला अर्धा तास उरला होता आणि ठिणगीचे मामा, म्हणजे तिचे कोचच, खाली गाडी लावायला जागा शोधत फिरत होते! रिंगमध्ये समोरचीला पळता भुई थोडी करणारी ही किकबॉक्सर, पण स्वतःच्या हाताला पट्टी बांधायची म्हटली की बाईसाहेबांची सगळी बोंब.

"द्या इकडे," शेजारच्या बाकावरचा उंच तरुण म्हणाला.

"येतं तुम्हाला?"

"मीही खेळायचो."

"मग सोडलंत का? मार खाऊन कंटाळलात?"

"मनगट दुखत होतं, तरी खेळलो. सगळे म्हणाले, वाघ आहेस... मनगट गेलं, वाघ बसला बाकावर."

ती खळखळून हसली. पण त्याची बोटं तिच्या बोटांमधून पट्टी फिरवायला लागली तेव्हा... जाऊ दे. ती सामना जिंकली, एवढं सांगितलं तरी पुरे.

पुढे पट्टी त्यानेच बांधायची असं आपसूक ठरून गेलं. मामा मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग फायनल आली. पट्टीचा दुसरा वेढा पडला आणि तिचा अंगठा किंचित आखडला. तो थांबला.

"दुखतंय?"

"छे! बांध ना."

"माझ्याकडे बघून सांग."

"दुखतंय थोडं... पण फायनल आहे रे! मामांना सांगशील तर बघ."

त्याने पट्टी सोडली आणि तडक मामांना गाठलं. मामांनी तिचं नाव मागे घेतलं.

"तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला!" ती सगळ्यांदेखत ओरडली. त्याने सोडलेली पट्टी मुकाट गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मनगटाच्या हाडाला तडा होता. "आणखी एक ठोसा मारला असता, तर हात कायमचा गेला असता. आता विश्रांती घ्या, मग खुशाल वर्षानुवर्षं खेळा." ठिणगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला मात्र वेळेवर कुणीच थांबवलं नव्हतं...

प्लास्टर निघालं त्याच सकाळी ती थेट सरावाच्या हॉलवर गेली. तो पट्ट्या गुंडाळत बसला होता. तिने हात पुढे केला. सवयीने त्याने पट्टी उचलली.

"आज पट्टी नको," ती म्हणाली. "नुसताच धर."

त्याचे कान लाल झाले. काच उचलावी तसा त्याने तो हात अलगद धरला.

"अरे, घट्ट धर की! बरा झालाय तो... तुझ्यामुळे."