पंचेचाळीस मिनिटं

चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसायची. तयार भिंग दिव्यासमोर धरायचं, तिरकं करायचं, ओरखडा किंवा बोटाचा ठसा दिसला की बाजूला काढायचं, एवढंच काम. पण अकरा वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की ठसा बघून ती बोट कुणाचं ते सांगायची. “हे पॉलिशवाल्या काकांचं. अंगठ्यावर भाजल्याची खूण आहे, बघा.” काका निमूटपणे हात जोडायचे. सगळे तिला भिंगबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

घरी मात्र हीच नजर तिच्या जिवावर उठली होती. लेक ठकी झाल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षं, तिला सगळीकडे घाण दिसायची. दाराच्या कडीवर, जिन्याच्या कठड्यावर, आलेल्या-गेलेल्यांच्या चपलांवर. ती घाण आपल्या हातातून ठकीच्या पोटात जाणार आणि पोर हातची जाणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खुळचटपणा आहे हे तिलाही कळायचं, पण कळून काय उपयोग? हात धुऊन धुऊन तिच्या उजव्या तर्जनीला आडवी चीर पडली होती, ती भरतच नव्हती. शाळेतून आलेली लेक आंघोळ होईपर्यंत दारातल्या स्टुलावर बसून राहायची. आईला मिठी मारायची ती फक्त रविवारी, धुतलेल्या कपड्यांत.

शेवटी ती डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी भाषण दिलं नाही, चावीचं एक छोटं घड्याळ दिलं. “ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि पंचेचाळीस मिनिटं धुवायचं नाही. भीती चढेल, चढेल आणि आपोआप उतरेल. वहीत लिहून ठेवा.” पहिल्या दिवशी कडीला हात लावून ती घामाघूम झाली. पण भीती उतरली, बाई म्हणाल्या तशीच. चावी द्यायचं काम ठकीने घेतलं होतं. आई उठायला लागली की ती ठसक्यात बजावायची, “धुवायचं नाही, आई. पंचेचाळीस मिनिटं.” दोन महिन्यांत स्टूल दारातून हललं.

आणि मग एका दुपारी नणंद आली.

नणंद नवऱ्याहून मोठी. मनाने वाईट नसेलही, पण तिला कुणाची फजिती केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. जाता जाता ती दारात उभी राहून म्हणाली, “वहिनी, एक गंमत सांगू? मघाशी मी माझ्या चपलेचा तळ हाताने पुसला आणि तुझ्या घरातल्या एका वस्तूला तो हात लावला. कुठल्या, ते ओळख!”

“ताई, सांगा ना. काय केलंत?”

“सांगितलं तर गंमत काय राहिली?” नवराही हसला. फार नाही, पण हसला.

तिच्या डोळ्यांसमोर सगळं घर एकदम काळं झालं. ठकीचा पेला, ठकीची उशी, ठकीचा ब्रश. नेमकी त्याच क्षणी ठकी अंगणातून धावत आली आणि तिला बिलगली, आणि तिने पोरीला ढकललं. ठकी दाराच्या कडेवर पडली. उजव्या हाताचा अंगठा फाटला, चार टाके पडले. पोर रडली नाही. टाके घालून होईपर्यंत ती आईकडे बघत होती, आणि त्यानंतर त्याबद्दल एक अक्षरही बोलली नाही.

रात्रीच्या जेवणात नवऱ्याने निर्णय सांगितला. “सुट्टी संपली की ठकी ताईकडे राहील. तू बरी होईपर्यंत. ताई तयार आहे.”

तयार असणारच. सुट्टीचे वीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिने ठकीसमोर घड्याळ ठेवलं आणि स्वतःच्या चपलेचा तळ उजव्या हाताने पुसला. डोळे मिटले. या वेळी भीती नव्हती, संताप होता. मिटल्या डोळ्यांपुढे नणंदेचा हसरा चेहरा होता, आणि तिने मनातल्या मनात म्हटलं, ही घाण तुझी. घे.

भीती चढलीच नाही. तिने डोळे उघडले, हात खिडकीत धरला, कामावर भिंग धरते तसा तिरका केला. एक कणही नव्हता. चपलेवरची ओली माती मात्र चार बोटांच्या रुंदीने पुसली गेली होती.

“हात न धुताच स्वच्छ?” ठकीने विचारलं.

“माती सुकली असेल,” ती म्हणाली. माती ओली होती, हे दोघींना दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “वहिनी, तू हाताला कुठला साबण लावतेस गं? माझ्या हाताला काहीतरी लागलंय. निघत नाही.”

ती मुद्दाम बघायला गेली. नणंदेने तळहात पुढे केला. तळव्यावर करड्या मातीचे चार ठसे होते. त्यातल्या तर्जनीच्या ठशात मधोमध एक पांढरी आडवी रेघ होती, चीर असावी तशी. ही नजर अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. ठसे तिचेच होते.

“बघितलंस? घासून घासून हात सोलवटला,” नणंद म्हणाली.

“काही दिसत नाही हो मला,” ती म्हणाली. “तुमच्या मनाचे खेळ असतील, ताई.”

हेच वाक्य नणंद तिला सात वर्षं ऐकवत आली होती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं, घरी येताना ती चक्क गुणगुणत होती.

मग तिने हात राखला नाही. कचऱ्याचा डबा झाला, मोरीची जाळी झाली, कारखान्यातल्या यंत्राखालचं काळं तेल झालं. दर वेळी डोळे मिटायचे, नणंदेचा चेहरा आणायचा, घे म्हणायचं. तिची तर्जनी भरून आली. ठकी शेजारी बसून चावी द्यायची आणि आईचे हलणारे ओठ बघायची.

“आई, डोळे मिटून तू कुणाला सांगतेस?”

“कुणाला नाही गं. आकडे मोजते.”

ठकीने मान डोलावली. अंगठ्यावरचे टाके निघाले होते, तिरपा व्रण राहिला होता. ती तो दुसऱ्या हाताने चोळत बसली.

डॉक्टरबाई वही बघून थक्क झाल्या. “कमाल केलीत! आता पुरे करा, आता नुसतं जगा.” तिने हो म्हटलं आणि घरी जाऊन गटाराचं झाकण उचललं.

सुट्टी संपायला दोन दिवस असताना नवरा बहिणीकडून उतरलेल्या तोंडाने परत आला. “ताई नाही म्हणतेय. दिवसभर नळाखाली उभी असते. म्हणते, असल्या हातांनी मी लेकराला कशी शिवू?” तो खुर्चीत बसला. “ठकी इथेच राहील. तू... तू बरी दिसतेस.”

“आहेच मी बरी,” ती म्हणाली.

शाळेचा पहिला दिवस होता. ठकी दुपारी घरी आली, दप्तर टाकलं आणि तशीच अंगणात जाऊन कुंडीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसली. आई खिडकीतून कौतुकाने बघत राहिली. मग दार उघडून तिने दोन्ही हात पसरले. “ये, ठके. आहेस तशी ये.”

ठकीने डोळे मिटले. तिचे ओठ हलले.

मग ती धावत आली.

किती दिवसांची मिठी ती! आईने पोरीच्या केसांत नाक खुपसलं, तिचे हात हातात घेतले, उलटेसुलटे केले.

हात लख्ख होते. नखांतसुद्धा काही नव्हतं.

तिने स्वतःचे तळवे वर केले. दोन्हींवर ओला चिखल होता. पाच आणि पाच, इवल्या बोटांचे ठसे. उजव्या अंगठ्याच्या ठशात एक तिरपी रेघ कोरी राहिली होती.

ती मोरीकडे धावली. नळ सोडला, घासलं, पुन्हा घासलं. पाणी स्वच्छ वाहत राहिलं, ठसे तसेच.

मागून हात पुढे आला आणि नळ बंद झाला. ठकीच्या दुसऱ्या हातात घड्याळ होतं.

“धुवायचं नाही, आई,” ती प्रेमाने म्हणाली. “पंचेचाळीस मिनिटं.”

तिने चावी दिली, घड्याळ आईसमोर ठेवलं आणि पुन्हा कुंडीकडे गेली.